हज यात्रा आणि ‘सब्र’ : गर्दीत दुसऱ्याला वाट देण्याचा नियम

इस्लामी कालगणनेतील अखेरचा महिना म्हणजे झिलहज्ज. या महिन्याच्या ८ ते १३ या तारखांदरम्यान सौदी अरेबियातील मक्का शहर आणि त्याच्या परिसरात हज यात्रेचे विधी पार पडतात. शरीराने आणि धनाने समर्थ असलेल्या प्रत्येक मुस्लिम स्त्री-पुरुषाने आयुष्यात किमान एकदा ही यात्रा करावी, असा धर्मादेश आहे. सौदी सरकारच्या आकडेवारीनुसार २०२५ मध्ये १६ लाख ७३ हजार २३० यात्रेकरूंनी हज यात्रा केली. हा संपूर्ण जनसमुदाय ९ तारखेला एकाच मैदानात एकत्र येतो, त्याच सायंकाळी तेथून निघतो आणि पुढील दिवस एका अरुंद खोऱ्यात काढतो. मोठे मेळे जगात इतरत्रही भरतात. परंतु इतक्या विविध भाषा बोलणारे, बहुसंख्येने प्रथमच आलेले आणि ज्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे आहे असे लोक इतक्या काटेकोर वेळापत्रकानुसार एकत्र हलतात, असे उदाहरण विरळाच.

हजला निघालेल्या माणसाला ज्येष्ठ मंडळी वारंवार एकच गोष्ट बजावतात, ती ‘सब्र’ राखण्याची. सब्र म्हणजे धीर, सहनशीलता, संयम. वडीलधाऱ्यांनी प्रवासाला निघणाऱ्याला करावा तसा हा सर्वसाधारण उपदेश आहे, असे बाहेरच्या व्यक्तीला वाटू शकते. वस्तुतः हा संयम हजच्या विधींमध्येच गुंफलेला आहे आणि त्याच्यावर प्रत्यक्ष माणसांचे प्राण अवलंबून असतात, हे गेल्या काही दशकांतील दुर्घटनांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले आहे.

या संयमाची सुरुवात घरापासून होते. भारतातील मुस्लिम समाजात हजला जाण्यापूर्वी नातेवाईक, शेजारी आणि ओळखीच्या लोकांच्या घरी जाऊन ‘कहा-सुना माफ करा’ असे म्हणण्याची जुनी रीत आहे. बोलण्यात काही कमीजास्त झाले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर त्याची क्षमा मागायची. कोणाचे देणे राहिले असेल तर ते फेडायचे आणि मगच निघायचे. यामागे धर्मशास्त्रातील एक स्पष्ट भूमिका आहे. ईश्वराप्रति झालेल्या चुकांची क्षमा ईश्वराकडे मागता येते. माणसाचा बुडवलेला हक्क मात्र त्या माणसाकडूनच सोडवून घ्यावा लागतो. हजने पूर्वीची पापे धुतली जातात, अशी श्रद्धा आहे. तथापि शेजाऱ्याचे पैसे त्यात धुतले जात नाहीत, असे धर्मपंडित आवर्जून सांगतात.

कुराणाच्या ‘अल-बकरा’ या दुसऱ्या अध्यायात हजच्या काळात तीन गोष्टी वर्ज्य ठरवल्या आहेत. ‘रफस’ म्हणजे कामुक वर्तन व अश्लील भाषण, ‘फुसूक’ म्हणजे पापाचरण, आणि ‘जिदाल’ म्हणजे वादविवाद, भांडणतंटा. पहिल्या दोन गोष्टी एरवीही त्याज्यच मानल्या गेल्या असत्या. तिसरी विशेष लक्ष वेधून घेते. रांगेत पुढे कोण, खोलीतील खाट कोणाची, बस उशिरा का आली, असे दैनंदिन जीवनातील साधे वाद या काळात धार्मिक उल्लंघनाच्या पंक्तीत बसतात. दोघांपैकी आपली बाजू खरी असली, तरी वाद लांबवू नये, असा याचा अर्थ लावला जातो.

‘इहराम’ या अवस्थेत प्रवेश केल्यावर हा नियम देहावरही उमटतो. पुरुष न शिवलेली दोन पांढरी वस्त्रे परिधान करतात. स्त्रिया साधा, अंग झाकणारा नेहमीचा पोशाख करतात. सुगंधी द्रव्ये वापरायची नाहीत, नखे व केस कापायचे नाहीत, जमिनीवरील प्राण्यांची शिकार करायची नाही. मक्केच्या पवित्र परिसरात आपोआप उगवलेले झाडझुडूपही तोडण्यास मनाई आहे. श्रीमंत आणि गरीब एका वेशात येतात, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मात्र ज्या माणसाने गवताच्या काडीलाही धक्का लावायचा नाही, त्याने शेजारच्या वृद्धाला कोपराने ढकलून पुढे जाणे कितपत सुसंगत आहे, हा प्रश्न त्याच नियमांतून उपस्थित होतो आणि प्रशिक्षण देणारे उलेमा तो विचारतातही.

घाईबद्दलचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग प्रेषित मुहम्मद यांच्या अखेरच्या हजमधील आहे. हिजरी सन १०, म्हणजे इसवी सन ६३२ मध्ये झालेल्या या यात्रेचा सविस्तर वृत्तांत हदीसच्या संग्रहांत आढळतो. मक्केच्या काबागृहापासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावरील अराफातच्या मैदानात दिवसभर प्रार्थना करून सूर्यास्तानंतर मुझदलिफा येथे मुक्कामासाठी निघायचे, असा क्रम आहे. त्या सायंकाळी लोकांनी उंट जोरात हाकण्यास सुरुवात केली. प्रेषितांनी आपल्या सांडणीचा लगाम इतका खेचून धरला, की तिचे डोके खोगिराला टेकू लागले, आणि हाताने खूण करून लोकांना शांतपणे चालण्यास सांगितले. उंट दामटण्यात पुण्य नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्गार नोंदवलेले आहेत. ‘सकीना’, म्हणजे शांती, स्थिरचित्तता, हा शब्द त्या प्रसंगामुळे हजच्या परिभाषेत कायमचा रुजला. रस्ता मोकळा मिळाला की ते वेग वाढवत, असेही त्याच वृत्तांतांत म्हटले आहे. संथपणा हा स्वतंत्र गुण म्हणून सांगितलेला नाही. पुढे माणसे असताना पाळावयाचा तो नियम आहे.

त्याच रात्री मुझदलिफा येथे त्यांनी आपल्या कुटुंबातील दुर्बल व्यक्तींना गर्दी होण्यापूर्वीच पुढे मिनाकडे रवाना केले. त्यांच्या पत्नी हजरत सौदा स्थूल प्रकृतीच्या होत्या आणि सावकाश चालत. त्यांनी लवकर निघण्याची परवानगी मागितली व ती त्यांना मिळाली. दुसऱ्या दिवशी, १० तारखेला, कोणी बळी देण्यापूर्वीच मुंडन केले होते, तर कोणी इतर विधींचा क्रम चुकवला होता. असे लोक घाबरून विचारण्यास येत तेव्हा, आता उरलेला विधी करा, हरकत नाही, असे एकच उत्तर सर्वांना देण्यात येत असे. आजारी, वृद्ध आणि स्त्रियांसाठी नंतरच्या धर्मशास्त्रज्ञांनी ज्या सवलती मान्य केल्या, त्यांपैकी अनेकींचा आधार याच दोन दिवसांतील घटनांमध्ये आहे.

हजमध्ये घाई सर्वस्वी वर्ज्य आहे, असे मात्र नाही. काबागृहाभोवती सात प्रदक्षिणा घालण्याच्या ‘तवाफ’ या विधीत पहिल्या तीन फेऱ्यांमध्ये पुरुषांनी झपझप चालावे, असा संकेत काही तवाफांसाठी आहे. सफा आणि मरवा या टेकड्यांमधील ‘सई’ या विधीत हिरव्या दिव्यांनी दाखवलेल्या टप्प्यात पुरुष धावतात. तहानलेल्या बाळासाठी पाणी शोधत धावणाऱ्या हजरत हाजरा यांची ती स्मृती आहे. विशेष म्हणजे, एका स्त्रीच्या धावण्याची आठवण जपणाऱ्या या टप्प्यात आज स्त्रियांना धावण्यास सांगितलेले नाही. आणि गर्दी असेल तर पुरुषांनीही धावणे सोडून द्यावे, इतरांना धक्का लागू देऊ नये, यावर धर्मपंडितांचे एकमत दिसते. धावण्याची जागा ठरलेली, आणि तीही गर्दी नसेल तर.

संयमाची खरी परीक्षा होते ती काबागृहाच्या कोपऱ्यात बसवलेल्या ‘हजरे अस्वद’ या काळ्या पाषाणापाशी. प्रदक्षिणेची सुरुवात या कोपऱ्यापासून होते आणि शक्य झाल्यास पाषाणाचे चुंबन घ्यावे, अशी प्रेषितांची प्रथा सांगितली जाते. आयुष्यभर काबागृहाचे चित्र घराच्या भिंतीवर पाहिलेला माणूस त्याच्यापासून पाच-सात हातांवर येऊन पोहोचतो. पुन्हा येथे येणे घडेल याची शाश्वती नसते. अशा वेळी परत फिरायचे कसे, ही भावना समजण्यासारखी आहे, आणि तिची केवळ अडाणीपणा म्हणून बोळवण करणे अन्यायाचे ठरेल.

मात्र धर्मशास्त्राचा हिशेब येथे अगदी सरळ आहे. पाषाणाचे चुंबन ही ‘सुन्नत’, म्हणजे स्तुत्य प्रथा आहे; ती केली नाही तरी तवाफ पूर्ण होतो. दुसऱ्याला इजा करणे मात्र ‘हराम’, म्हणजे निषिद्ध आहे. स्तुत्य गोष्टीसाठी निषिद्ध गोष्ट करता येत नाही. ज्याला जवळ जाता येत नाही, त्याने दुरूनच पाषाणाच्या दिशेने हात उंचावून ईश्वराच्या महानतेचा उच्चार करावा आणि पुढे चालावे. हदीसच्या एका संग्रहात असे नमूद आहे, की प्रेषितांनी हजरत उमर यांना, तुम्ही बलवान आहात, पाषाणापाशी रेटारेटी करून दुर्बलांना त्रास देऊ नका, जागा मिळाली तरच स्पर्श करा, असे बजावले होते. उमर हे पुढे दुसरे खलिफा झाले. त्यांच्यासारख्या व्यक्तीला जर हे सांगावे लागले, तर इतरांनी त्यात अपमान मानण्याचे कारण उरत नाही. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्याविषयी ‘सहीह बुखारी’ या संग्रहात उल्लेख आहे, की त्या पुरुषांच्या गर्दीपासून दूर राहून तवाफ करीत आणि सोबतच्या स्त्रीने पाषाणाला स्पर्श करण्यास चलण्याचा आग्रह केला असता त्यांनी नकार दिला.

हा नियम पुस्तकात सोपा आहे. संगमरवरी प्रांगणात तो सोपा नसतो. तेथे लहान दिसणाऱ्या गोष्टींनाही मोठे महत्त्व येते. पूर्वी प्रदक्षिणेचा आरंभ दाखवणारी एक गडद रंगाची पट्टी जमिनीवर आखलेली होती. ती दिसावी म्हणून भाविक खाली पाहत थबकत, कित्येक जण तिच्यावरच उभे राहून प्रार्थना म्हणत आणि मागून येणारा प्रवाह तेथे तुंबत असे. अखेर ती पट्टी काढून टाकण्यात आली. आता बाजूला लावलेल्या हिरव्या दिव्यावरून आरंभाची जागा ओळखतात. चालता चालता मान वर करून दिवा पाहता येतो, एवढाच काय तो फरक. प्रदक्षिणेनंतरच्या दोन रकात नमाजबाबतही हेच. ‘मकामे इब्राहिम’ या स्थानामागे ती अदा करणे उत्तम मानले जाते, म्हणून काही जण भर प्रदक्षिणेच्या वाटेवर नमाजला उभे राहतात, आणि त्यांचे सोबती हात धरून त्यांच्याभोवती कडे करतात. वस्तुतः मशिदीत कोठेही ही नमाज चालते. स्वतः हजरत उमर यांनी एकदा ती मक्केजवळच्या झी तुवा या ठिकाणी जाऊन अदा केल्याची नोंद आहे. मोबाइल फोन वर धरून चित्रीकरण करीत उलट चालणाऱ्यांची भर अलीकडच्या काळात पडली आहे. त्यांच्यासाठी जुन्या ग्रंथांत स्वतंत्र नियम नाही, परंतु तो शोधण्याची गरजही नाही.

मक्केतील निवासातही दररोज या संयमाचा कस लागतो. भारतीय हज समितीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूंचा सौदी अरेबियातील एकूण मुक्काम दीर्घकाळ सुमारे चाळीस दिवसांचा राहिला आहे. विधींचे मुख्य दिवस पाच-सहाच. उरलेले दिवस एका खोलीत चार-पाच अनोळखी माणसांबरोबर काढायचे असतात. वातानुकूलन यंत्र किती गार ठेवायचे, पहाटे स्नानगृहात आधी कोणी जायचे, रात्री दिवा किती वाजता मालवायचा, यावरून कुरबुरी होतात. मिना येथील तंबूत तर एका गादीइतकीच जागा वाट्याला येते आणि स्वच्छतागृहापुढे लांब रांगा लागतात. भारत सरकारने २०१८ पासून ‘मेहरम’, म्हणजे निकटचा पुरुष नातेवाईक, सोबत नसलेल्या स्त्रियांना गटाने हजला जाण्याची मुभा दिली. २०२३ मध्ये अशा स्त्रियांची संख्या चार हजारांवर गेली. एकमेकींना पूर्वी कधीही न भेटलेल्या या स्त्रिया औषधाची वेळ सांभाळण्यापासून चाकाची खुर्ची ढकलण्यापर्यंत एकमेकींवरच अवलंबून असतात.

आतापर्यंतच्या विवेचनात गैरसोय आणि वाद यांचा संबंध आला. मिना येथील ‘जमरात’ या स्थानी मात्र प्रश्न थेट जीवितसुरक्षेचा होतो. सैतानाचे प्रतीक मानल्या गेलेल्या तीन स्थानांवर खडे मारण्याचा ‘रमी’ हा विधी येथे होतो. १० तारखेला एका स्थानावर सात खडे, ११ व १२ तारखेला तिन्ही स्थानांवर प्रत्येकी सात. खडे हरभऱ्याच्या दाण्याहून थोडेच मोठे असावेत, असे सांगितलेले आहे; प्रेषितांनी असेच लहान खडे वेचून घेतले आणि धर्मात अतिरेक करण्याविरुद्ध त्याच वेळी इशारा दिला. तरीही मोठे दगड आणि चपला फेकल्या जात, आणि त्या समोरच्या माणसांना लागत. पूर्वी येथे अरुंद खांब होते व चहूबाजूंनी मारा होत असे. २००४ च्या हजमध्ये येथील चेंगराचेंगरीत सुमारे २५० भाविकांचा मृत्यू झाला. त्यानंतर खांबांच्या जागी सुमारे २६ मीटर लांबीच्या भिंती बांधण्यात आल्या.

त्याआधी २ जुलै १९९० रोजी मिनाजवळच्या एका पादचारी बोगद्यात १,४२६ जण मरण पावले होते, तर १९९४ मध्ये जमरात येथेच २७० जणांचा अंत झाला होता. १२ जानेवारी २००६ ची दुर्घटना मात्र अभ्यासकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची ठरली. त्या दिवशी झिलहज्जची १२ तारीख होती. दुपारी सूर्य कलल्यानंतरच खडे मारावेत, असे मत प्रचलित असल्याने मोठा समुदाय त्या घटकेची वाट पाहत होता. जे सूर्यास्तापूर्वी मिना सोडतात त्यांना आणखी एक दिवस थांबावे लागत नाही. म्हणून अनेकांनी आपले सामान सोबतच घेतले होते. जमरात पुलाच्या प्रवेशमार्गावर पडलेल्या सामानाला अडखळून माणसे कोसळली आणि त्यांच्यावर मागची माणसे. या दुर्घटनेत साडेतीनशेच्या सुमारास यात्रेकरू मृत्युमुखी पडले.

पुलावरील कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रफितींचा अभ्यास जर्मनीतील संशोधक डर्क हेल्बिंग व आंदर्स योहानसन यांनी सौदी अधिकारी हबीब झैनुल आबिदीन यांच्यासह केला आणि २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातून गर्दीच्या तीन अवस्था दिसून आल्या. प्रथम प्रवाह संथ, सलग चालतो. घनता वाढली की तो थांबत थांबत, लाटांप्रमाणे सरकू लागतो. त्याहून दाटी झाली की माणसे स्वतःच्या इच्छेने हलेनाशी होतात; देह देहाला चिकटतो आणि धक्के पाण्यातील खळबळीप्रमाणे कोणत्याही दिशेने पसरतात. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असेपर्यंत चालता येते. सहा-सात झाली की पाऊल टाकण्याचा निर्णय माणसाच्या हाती राहत नाही. अशा वेळी बहुतेक मृत्यू तुडवले गेल्याने होत नाहीत. छातीवर सर्व बाजूंनी दाब येतो, श्वास घेण्यासाठी फुप्फुसे फुलू शकत नाहीत आणि माणूस उभ्याउभ्या गुदमरतो. ‘चेंगराचेंगरी’ या शब्दावरून बेभान पळापळीचे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तेथे पळण्याएवढी जागाच नसते.

या निष्कर्षाचा संयमाशी जवळचा संबंध आहे. दाटीच्या मध्यभागी सापडलेल्या माणसाला धीर धरण्याचा उपदेश निरुपयोगी असतो; त्याच्या हाती काहीच उरलेले नसते. निवड करता येते ती मागच्या, अजून मोकळ्या जागेत असलेल्या माणसाला. पुढे काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. त्याला एवढेच कळते, की रांग अडली आहे, आणि एक पाऊल पुढे रेटले तर ती सुटेल असे त्याला वाटते. शेकडो माणसांची अशी एकेक पावले मिळून पुढे जो दाब निर्माण होतो, त्याची त्याला कल्पनाही नसते. अराफातहून निघालेल्या लोकांना शांतपणे चालण्याची जी खूण केली गेली, तिचा उपयोग प्रवाह वाहता असतानाच आहे. तो तुंबल्यावर नाही.

म्हणूनच सारा दोष यात्रेकरूंच्या घाईवर टाकणे योग्य नाही. २४ सप्टेंबर २०१५ रोजी मिनातील दोन रस्त्यांच्या तिठ्याशी दोन प्रवाह एकमेकांस भिडले. सौदी सरकारने ७६९ मृत्यू जाहीर केले. विविध देशांनी आपापल्या नागरिकांबाबत दिलेल्या माहितीवरून वृत्तसंस्थांनी केलेली बेरीज दोन हजारांच्या पुढे गेली. यात्रेकरूंनी सूचना पाळल्या नाहीत, असे त्यावेळी काही अधिकाऱ्यांकडून सांगण्यात आले. परंतु समोरून येणारा जमाव ज्याला दिसत नाही आणि मागे फिरण्यास ज्याला वाट नाही, त्याच्या सौजन्याचा तेथे काय उपयोग होणार? एकेरी मार्ग, देशनिहाय ठरवलेल्या वेळा आणि पुरेसे रुंद रस्ते ही प्रशासनाची जबाबदारी आहे. २००६ नंतर जुना पूल पाडून बहुमजली नवा पूल उभारण्यात आला, येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या करण्यात आल्या, गटांना वेळा ठरवून देण्यात आल्या आणि त्यानंतर जमरात पुलावर तशी दुर्घटना घडलेली नाही. २०१५ ची घटनाही पुलावर नव्हे, तर त्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर घडली होती. यात्रेकरूच्या संयमाला अर्थ येतो तो अशी व्यवस्था असेल तेव्हा: आपल्या गटाला दिलेली वेळ पाळणे, ती पहाटेची किंवा मध्यरात्रीची असली तरी. सूर्य कलण्यापूर्वी किंवा रात्री उशिरा खडे मारण्याबाबत, तसेच अशक्त व्यक्तीच्या वतीने दुसऱ्याने खडे मारण्याबाबत अनेक धर्मपंडितांनी सवलती दिल्या आहेत. तरीही ‘उत्तम वेळ’ गाठण्याचा मोह अनेकांना सुटत नाही.

गर्दीतील परस्परांच्या वागणुकीचा परिणाम मोजण्याचा प्रयत्नही झाला आहे. हानी अल्नाबुल्सी आणि जॉन ड्रुरी या संशोधकांनी मक्केतील १,१९४ यात्रेकरूंना प्रश्न विचारून केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दाटी वाढली की सुरक्षित वाटणे सर्वसाधारणपणे कमी होते, हे अपेक्षितच होते. मात्र भोवतालचे लोक आपलेच आहेत, ते वेळ पडल्यास मदत करतील, असे ज्यांना वाटत होते, त्यांना दाटीतही अधिक सुरक्षित वाटत असल्याचे आढळले. पाकिस्तानात सोडतीद्वारे २००६ च्या हजसाठी निवड झालेल्या आणि न झालेल्या दीड हजारांहून अधिक अर्जदारांची तुलना करणारा आणखी एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हजहून परतलेल्यांमध्ये इतर देशांतील व पंथांतील लोकांविषयीची आपुलकी वाढलेली दिसली. तथापि, सुरक्षित वाटणे आणि सुरक्षित असणे यांत अंतर आहे, हे विसरता येत नाही.

अलीकडच्या वर्षांत गर्दीइतकाच उन्हाचा प्रश्न गंभीर झाला आहे. चांद्र कालगणनेमुळे हज दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि गेली काही वर्षे ते कडक उन्हाळ्यात आले. २०२४ मध्ये मक्केतील तापमान ५१ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले. त्या वर्षी १,३०१ यात्रेकरूंचा मृत्यू झाल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. त्यांपैकी ८३ टक्के जणांकडे हजचा अधिकृत परवाना नव्हता आणि निवारा अथवा विश्रांतीविना ते भर उन्हात लांबवर चालले होते. भारतातून त्या वर्षी सुमारे पावणेदोन लाख यात्रेकरू गेले होते. त्यांपैकी ९८ जणांचे निधन झाल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले होते.

परवान्याविना येणारे हे लोक प्रामुख्याने अधिकृत प्रवासाचा खर्च न परवडणारे असतात, आणि त्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही सौदी अरेबियातील ज्येष्ठ धर्मपंडितांच्या परिषदेने २०२४ मध्येच परवान्याविना हज करणे पाप असल्याचा निर्वाळा दिला होता. तंबू, पाणी, बसगाड्या आणि रुग्णालयातील खाटा नोंदणी झालेल्या संख्येनुसार ठरतात. त्याबाहेरचा प्रत्येक माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालतो आणि दुसऱ्याच्या वाट्याची सावलीही घेतो, असा त्यामागील युक्तिवाद आहे. दुर्बलाला धक्का देऊन पाषाणाचे चुंबन घेऊ नये, या जुन्या नियमाचेच हे विस्तारित रूप म्हणता येईल. अर्थात, नोंदणी नसलेल्यांना वातानुकूलित निवाऱ्यात प्रवेश मिळू नये, हे त्याच नियमात कसे बसते, हा प्रश्न उरतोच.

भारतीय यात्रेकरूंच्या संदर्भात मुंबईचे स्थान जुने आहे. भारतीय हज समितीचे मुख्यालय मुंबईतील हज हाउस येथे आहे. मुंबईहून जेद्दाहला जाणारी हज यात्रेकरूंची जहाजे १९९५ पर्यंत सुरू होती. समुद्रमार्गाच्या त्या अनेक दिवसांच्या प्रवासात पूर्वी जाऊन आलेले लोक नवख्यांना विधी समजावून सांगत आणि एकमेकांच्या सवयींची ओळख होत असे. विमानाने तेच अंतर काही तासांत पार होते. त्यामुळे ही सर्व तयारी निघण्यापूर्वीच करून घ्यावी लागते. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत प्रशिक्षण शिबिरे भरवण्यात येतात. काबागृहाची प्रतिकृती मांडून तिच्याभोवती तवाफचा सराव करून घेतला जातो, इहरामची वस्त्रे कशी बांधावीत ते दाखवले जाते. राज्यांकडून यात्रेकरूंसोबत पाठवण्यात येणाऱ्या सेवकांना पूर्वी ‘खादिमुल हुज्जाज’, म्हणजे हाजींचे सेवक, असे म्हणत. २०२५ पासून त्यांना ‘राज्य हज निरीक्षक’ असे नाव देण्यात आले आहे. हरवलेल्या वृद्धाला तंबूपर्यंत पोहोचवणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे आणि खोलीतील कुरबुरी मिटवणे ही त्यांची कामे. जुने नाव अधिक समर्पक होते, असे कोणी म्हटल्यास ते चूक ठरणार नाही.

या शिबिरांत विचारला जाणारा एक नेहमीचा प्रश्न १२ तारखेविषयीचा असतो: त्याच दिवशी निघावे, की १३ तारखेपर्यंत थांबावे? कुराणाने याबाबत दोन्ही मुभा दिल्या आहेत. दोन दिवसांत घाईने निघणाऱ्यालाही दोष नाही आणि मागे राहणाऱ्यालाही नाही. बहुसंख्य लोक १२ तारखेलाच मिना सोडतात. जे थांबतात त्यांना १३ तारखेला तिन्ही स्थानांवर पुन्हा सात-सात खडे मारावे लागतात. त्यांच्या खड्यांची एकूण संख्या ४९ ऐवजी ७० होते. त्या दिवशी जमरातकडे जाणारे रस्ते तुलनेने मोकळे असतात. त्यानंतर मक्केला परतून निरोपाचा तवाफ करायचा असतो, आणि मासिक पाळी सुरू असलेल्या स्त्रियांना त्यातून सूट आहे.